वाघाच्या मुखवट्याची दोरी

फार पूर्वीची गोष्ट. दोन डोंगरांच्या बेचक्यात एक गाव होतं. गावाला आळ्या दोनच, वरची आणि खालची. मधून ओढा वाहायचा. ओढ्यावर दगडमातीचा बंधारा होता, आणि बंधाऱ्यातून निघालेला पाट आधी वरच्या आळीची शेतं भिजवून मग खालच्या आळीकडे वळायचा. पाणी एक आणि आळ्या दोन, म्हणजे भांडायला कारण शोधत हिंडायची गरज नव्हती. तरीही गाव गुण्यागोविंदाने नांदत होतं, आणि ते कसं, याचा विचार गावात कोणी कधी केला नव्हता.

गावचा कारभार म्हाळसाबाई पाटलिणीकडे होता. नवरा गेल्यावर गावानेच तो तिच्या हाती दिला होता. बाई कष्टाळू, सरळ आणि शब्दाची पक्की. खोड एकच होती. कुठलीही गोष्ट दिसली की तिच्या तोंडून पहिला प्रश्न यायचा, "याचा उपयोग काय?" अंगणात चाफा होता, तो फुलं देवाला होतात म्हणून वाचला. उंबरठ्यावरची रांगोळीसुद्धा मुंग्यांना पीठ मिळतं या हिशेबावर तिने चालू दिली होती. अशा माणसापुढे हसायचं म्हटलं तरी कारण सांगावं लागायचं.

दर चैत्रात गावात मुखवट्यांची जत्रा भरायची. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे मोठमोठे मुखवटे होते. देवी होती, राक्षस होता, हरीण होतं, भांडखोर म्हातारा-म्हातारी होती आणि वाघ होता. ते कोणी कोरले हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. सोंगं घेतलेली माणसं दुपारपासून दिवस मावळेपर्यंत ढोलाच्या तालावर नाचायची, आणि आजूबाजूची गावं ते बघायला लोटायची.

या जत्रेची एक रीत होती. मुखवटा ज्याच्या घरी असेल, त्याने तो घालायचा नाही. वरच्या आळीतल्या घरचा मुखवटा खालच्या आळीतल्या माणसाने घालायचा, आणि खालच्या आळीतला वरच्या आळीतल्याने. घालणारा घरधन्याकडे पाठ करून उभा राहायचा, मुखवटा तोंडाशी धरायचा, आणि घरधनी मागून दोरीची गाठ मारायचा. पण गाठ मारण्याआधी दोघांनी वर्षभरात एकमेकांबद्दल जे मनात साठलं असेल ते बोलून टाकायचं. एकाचं तोंड लाकडाआड, दुसरा पाठीमागे. चेहरा कोणाचाच कोणाला दिसत नसे, त्यामुळे एरवी जिभेवर न येणारं बोलणंही निघून जायचं. बोलणं संपलं की गाठ बसायची आणि तोंडात गुळाचा खडा पडायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही आळ्या फावडी-घमेली घेऊन बंधाऱ्यावर जायच्या. गाळ उपसायचा, खचलेले दगड बसवायचे, पाट साफ करायचा. कोणी कोणाला बोलवावं लागत नसे. कित्येकांच्या कानामागे अजून आदल्या दिवशीचा मुखवट्याचा रंग असायचा.

म्हाळसाबाईच्या घरी वाघाचा मुखवटा होता. उजवा कान टवका उडालेला, मिशा झडलेल्या. तो मुखवटा खालच्या आळीतला लिंबाजी कुंभार घालायचा, कारण त्याचा बाप घालायचा. म्हाळसाबाई दरवर्षी त्याला गाठ बांधायची, दोन गोष्टी सुनवायची, दोन ऐकून घ्यायची, आणि घरी जाऊन मुखवट्याला चोपडलेल्या तेलाबद्दल आणि वाया गेलेल्या गुळाबद्दल हळहळायची.

एका वर्षी माघात राजाचा कारभारी त्या वाटेने चालला होता. मुक्कामाला गावात थांबला, आणि म्हाळसाबाईच्या पडवीत टांगलेला वाघ बघून जागच्या जागी उभा राहिला. मग त्याने घरोघर हिंडून सगळेच मुखवटे पाहिले.

"आमचे महाराज राजधानीत चित्रशाळा बांधताहेत," तो म्हणाला. "हे मुखवटे तिथे शोभतील. बदल्यात गावाने हवं ते मागावं."

म्हाळसाबाईने फार विचार केला नाही. गावात नांगर अजून लाकडी होते आणि जमीन खडकाळ. तिने मागितलं, "घरटी एक लोखंडी नांगर द्या."

पारावर गाव जमलं. काहींची चुळबुळ झाली, पण लोखंडी नांगराचं नाव ऐकून ती लगेच थांबलीही. जो तो दुसरा कोणी बोलतो का ते बघत होता. शेवटी लिंबाजी कुंभार उठला. "पाटलीणबाई, मग औंदा मी वाघ कसा घालायचा?"

"वाघ काय, डोंगरात पुष्कळ आहेत," म्हाळसाबाई म्हणाली, आणि पारावर हशा पिकला.

लिंबाजी खाली बसला. त्याला शेत नव्हतं, तरी घरटी एक म्हणून त्यालाही नांगर मिळाला. त्याने तो भिंतीला टेकवून ठेवला, आणि तेवढ्यावरूनही लोक बरेच दिवस त्याची थट्टा करत राहिले.

चैत्र आला. ढोल वाजला नाही. म्हाळसाबाईने समाधानाने तेलाचा बुधला जागेवर ठेवला. यंदा तेल वाचलं, गूळ वाचला, आणि एक अख्खा दिवस नांगरणीला मिळाला. नवे नांगर खरोखरच चांगले होते, खडकातसुद्धा खोल जात होते.

मग एकेक गोष्ट चुकायला लागली. घाटाखालचे मीठवाले दरवर्षी जत्रेला बैलांवर मीठ आणि सुकट लादून यायचे. जत्रा नाही असं कळल्यावर त्यांनी परस्पर दुसरी वाट धरली. वैशाखात गावातल्या बायका एकमेकींच्या दारात मिठासाठी वाटी घेऊन उभ्या राहू लागल्या. डोंगरातले लोक जत्रेला नाचणी-वरईचं बियाणं आणून बदल्यात गहू न्यायचे, तेही आले नाहीत. लिंबाजीच्या घरी वर्षभर घडवलेली मडकी-रांजण रांगेने तशीच पडून राहिली, कारण त्याचं निम्मं गिऱ्हाईक त्या एका दिवशी यायचं. गावात लग्नाच्या मुली होत्या. त्यांना बघायला येणारे पाहुणे जत्रेचं निमित्त काढून यायचे. आता निमित्तच उरलं नव्हतं, आणि मुलींच्या आया गप्प झाल्या होत्या.

हे सगळं म्हाळसाबाईला दिसत होतं, पण एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आहे असं तिला वाटलं नाही. मीठवाले लबाड, डोंगरवाले आळशी, असं ती प्रत्येक गोष्टीला वेगळं कारण द्यायची.

त्याहून वाईट गोष्ट तर दिसतच नव्हती. कोणाची कोंबडी कोणाच्या परड्यात गेली, कोणी कोणाच्या आंब्याची फांदी तोडली, कोणी पाटाचं पाणी रात्रीत थोडं जास्त वळवलं, असल्या गोष्टी दरवर्षी व्हायच्या आणि चैत्रात बोलून संपायच्या. यंदा त्या संपल्या नाहीत. माणसं मनातल्या मनात त्या घोळवत बसली. म्हाळसाबाईचंही तेच झालं. लिंबाजीने तिच्या बांधाखालची माती खणून नेली, बांध थोडा ढासळला, आणि तिने काही न बोलता मातीच्या खाणीवर बोरीची काटी घालून ती बंद केली. लिंबाजीनेही काही न बोलता तिच्या घरी मडकी देणं बंद केलं. पाटलीणबाई गळक्या माठातलं पाणी पीत राहिली, पण मागायला गेली नाही.

बंधाऱ्याची सफाई चैत्रातून लांबत पावसाळ्याच्या तोंडावर आली, तेव्हा तिने दवंडी पिटवली. कोणी आलं नाही. वरची आळी म्हणाली, "पाणी खालचे जास्त ओढतात, आधी त्यांनी यावं." खालची आळी म्हणाली, "पाटाचं तोंड वरच्यांकडे आहे, आधी त्यांनी यावं." म्हाळसाबाई स्वतः पदर खोचून बंधाऱ्यावर जाऊन उभी राहिली. चार माणसं आली, दुपारपर्यंत उगाच दगड इकडचे तिकडे केले आणि घरी गेली.

श्रावणात ओढ्याला लोंढा आला आणि बंधारा मधोमध फुटला. हिवाळ्यात पाटाला टिपूस पाणी नव्हतं. लोखंडी नांगरांनी खोल नांगरलेल्या जमिनीत हरभरा वितभर वाढला आणि वाळला. नांगर गोठ्यात गंजत पडले.

माघ संपता संपता खालच्या आळीतली माणसं गाव सोडायची भाषा बोलू लागली. पहिली गाडी लिंबाजीने जुंपली.

म्हाळसाबाई गाडीपुढे जाऊन उभी राहिली. गाडीत मडक्यांचं चाक होतं, ते फिरवायचं दांडकं होतं, पोरांच्या कपड्यांची बोचकी होती. नांगर मात्र भिंतीलाच टेकलेला होता.

"कुठे चाललास?" तिने विचारलं.

"जिथं माती मिळंल तिथं," लिंबाजी म्हणाला. "हितं तर तुम्ही काटी घातली."

"तू माझ्या बांधाखालची माती काढलीस. बांध ढासळला माझा."

"मग सांगायचं हुतं की! मी पलीकडनं काढली असती. मला काय ठावं बांध ढासळला त्ये."

"कधी सांगणार? तू भेटतोस कुठे?"

लिंबाजी म्हणाला, "चैतात भेटायचो की, बाई. वाघ लावून तुमच्याम्होरं हुबा ऱ्हायचो. तुम्ही मागनं बोलायच्या, मी आतनं ऐकायचो. बापाच्या येळेपास्नं चाललं हुतं. आता तुमच्या दारात यायला मला कारण तरी काय?"

म्हाळसाबाईच्या डोक्यात मीठवाले, बियाणं, मुलींच्या आया, पडून राहिलेली मडकी आणि फुटलेला बंधारा हे सगळं एकदम आलं आणि एका जागी येऊन थांबलं. ज्या दिवसाला ती उभा जन्म वाया गेलेला दिवस म्हणत आली होती, त्याच दिवसावर गावाचं वर्ष उभं होतं. तिला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

पण रडत बसणाऱ्यातली ती नव्हती. तिने बैलांची वेसण धरली.

"लिंबाजी, चैत्रापर्यंत थांब. मी वाघ परत घेऊन येते."

"आन् न्हाई आला तर?"

"तर तुझ्या गाडीमागे माझी गाडी लागेल. मग हे गाव ज्याला हवं त्याने घ्यावं."

लिंबाजीने गाडी सोडली. त्याच्या बायकोने बोचकी खाली उतरवली.

म्हाळसाबाईने आपला लोखंडी नांगर घासूनपुसून गाडीत घातला आणि राजधानीची वाट धरली. वाड्याच्या दरवाजावर पहारेकऱ्याने अडवलं. "महाराजांना वेळ नाही."

"मला आहे," म्हाळसाबाई म्हणाली, आणि तिने नांगर उतरवून दरवाजासमोर ठेवला व त्याच्या शेजारी बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला नांगराला वळसा घालून जावं लागे. पालख्या अडखळल्या, घोडे बुजले, एक जाडजूड सावकार त्याला अडखळून पडला आणि उठून पहारेकऱ्यालाच बोलला. पहारेकऱ्याने दटावलं, विनवलं, नांगर उचलायलाही बघितलं. बाई हलली नाही. शेवटी ही तक्रार राजाच्या कानावर गेली, आणि नांगर घेऊन बसलेली बाई कोण हे बघायला राजा स्वतःच बाहेर आला.

राजा चांगला माणूस होता. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि तिला चित्रशाळेत नेलं.

भिंतीवर ओळीने मुखवटे टांगलेले होते. धूळ नाही, डाग नाही, सगळ्यांना तेल लावून चमकवलेलं. म्हाळसाबाई वाघाजवळ गेली. तिने त्याच्या मागे हात घातला आणि चपापली.

"याची दोरी कुठे गेली?"

"लोंबकळत होत्या, वाईट दिसत होत्या," कारभारी म्हणाला. "सगळ्यांच्याच कापून टाकल्या."

म्हाळसाबाईने हात बाहेर काढला. दोरीची रिकामी भोकं तिच्या बोटांना लागली होती, आणि ती बोटं तिने पदराखाली धरून ठेवली.

"बाई," राजा म्हणाला, "रीतसर बदल्यात घेतलेली वस्तू परत देण्याची आमच्याकडे पद्धत नाही. तुमचे नांगरही वापरून झाले. पण तुम्ही इतक्या लांब आलात, रिकाम्या हाताने कशा जाल? यातला एक मुखवटा उचला."

कारभाऱ्याने तिला हळूच सुचवलं, "देवीचा घ्या. त्याला इथे चांदीचा मुकुट चढवलाय, चांदीचे डोळे बसवलेत. तेवढ्या चांदीत गवंडी, मजूर लावून बंधारा नवा बांधून होईल. पावसाच्या आत."

म्हाळसाबाई थबकली. कारभारी खोटं बोलत नव्हता. तिच्या डोळ्यांपुढे बंधारा आला, पाटातून झुळझुळणारं पाणी आलं, हिरवा हरभरा आला. देवीचा मुखवटा हाताच्या अंतरावर होता. उपयोगाचं काय ते जन्मभर ओळखत आलेली बाई, आणि आजवर तिने विचारलेल्या प्रश्नाचं इतकं सोपं उत्तर तिला कधी मिळालं नव्हतं. शेजारी टवका उडालेला, मिशा झडलेला, कवडीमोलाचा वाघ होता.

तिचा हात देवीकडे गेलासुद्धा. पण मनात आलं, मजूर बंधारा बांधून निघून जातील. पुढल्या वर्षी त्यात गाळ साठेल. तो उपसायला कोण येईल? वरचे म्हणतील खालच्यांनी यावं, खालचे म्हणतील वरच्यांनी. आणि तोवर लिंबाजीची गाडी गेलेली असेल. देवीचा मुखवटा होता खालच्या आळीतल्या घरचा. तो नेला तर तिच्या दारात गाठ बांधून घ्यायला कोण येणार होतं? तिला हवा होता तो माणूस एकच, आणि तो वाघाशिवाय तिच्या दारात येणार नव्हता.

तिने वाघ उतरवला आणि काखेत घेतला.

"बाई, चुकताय तुम्ही," कारभारी म्हणाला.

"गेल्या साली चुकले होते," म्हाळसाबाई म्हणाली. "महाराज, येते मी. नांगर तेवढा परत नेते, आता लागेल तो."

परतीच्या वाटेवर ज्या ज्या गावी तिने मुक्काम केला, तिथे तिथे पारावर फडकं सोडून वाघ दाखवला आणि सांगितलं, "चैत्रात जत्रा आहे. यायचं बरं का सगळ्यांनी." घाटाच्या तोंडाशी मीठवाले भेटले, त्यांनाही सांगितलं. त्यांनी विचारलं, "बाकीची सोंगं?" ती म्हणाली, "तुम्ही या तर खरं." आता बाकीची सोंगं कुठून आणायची हे तिलाही माहीत नव्हतं.

गावात आल्यावर तिने दोन्ही आळ्या पारावर बोलावल्या. वाघ सगळ्यांसमोर ठेवला.

"मी गाव बुडवायला निघाले होते," ती सरळ म्हणाली. "उपयोग विचारत बसले आणि उपयोगाची तेवढी एक गोष्ट देऊन बसले. मुखवटा एकच मिळालाय. बाकीचे आपण करायचे. ज्याच्या घरी जो मुखवटा होता त्याने तो करायचा, आणि जो माणूस घालणार आहे त्याच्या तोंडाच्या मापाने करायचा."

रावजी सुतार म्हातारा झाला होता, तो हात चोळत म्हणाला, "बाई, चैत्र तोंडावर आला. इतके मुखवटे कोरून व्हायचे नाहीत."

"मग जमेल त्याचे करा. सुपाचे करा, भोपळ्याचे करा. माप मात्र घ्यायलाच हवं."

आणि मग गावात मोठी मजा झाली. वर्षभर ज्याच्याकडे पाठ केली होती, त्याच्याच घरी दोरा घेऊन जायचं आणि त्याच्या नाकाचं, कपाळाचं, हनुवटीचं माप घ्यायचं. माप घेताना तोंड फिरवून चालत नाही. सुरुवातीला माणसं घुम्यासारखी माप घेऊन आली. मग कोणाचं माप चुकलं, परत जावं लागलं. कोणाचं नाक फार मोठं निघालं आणि सगळं घर हसलं. एका आंब्याच्या फांदीचं भांडण तर त्या नाकावरच मिटलं. दुसऱ्याला समोर बसवून मुखवटा लावून बघताना माणसाला रुसवे-फुगवे आठवत नाहीत, त्याला फक्त डोळ्यांची भोकं नीट जागी आली की नाही एवढंच बघायचं असतं.

जत्रेचा दिवस आला. खरं सांगायचं तर इतकी ओबडधोबड जत्रा त्या गावाने कधी पाहिली नसेल. देवी सुपाची होती. राक्षसाचे दात मुळ्याचे होते. हरणाचं एक शिंग सकाळीच गळून पडलं. पण मीठवाले आले, डोंगरवाले बियाण्याच्या गोण्या घेऊन आले, आणि वाटेवरच्या गावांतली माणसं तर म्हाळसाबाईचा शब्द म्हणून आली. लिंबाजीच्या बायकोने ओढ्याकाठी मडकी मांडली आणि दुपारपर्यंत तिच्याकडे एक पणतीसुद्धा उरली नाही. दोन मुलींच्या आया पाहुण्यांना पाणी देताना दिसल्या, आणि त्यांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू होतं.

म्हाळसाबाई मात्र पडवीत वाट बघत बसली होती. वाघाला तिने स्वतः वळलेली अंबाडीची नवी दोरी लावली होती. लिंबाजी आला. पाठ करून उभा राहिला आणि त्याने वाघ तोंडाशी धरला.

"बोल," म्हाळसाबाई म्हणाली.

"आधी तुम्ही."

"बांध ढासळला तो मी तुला सांगायला हवा होता. न सांगता काटी घातली. काल ती काढून टाकली. तू पलीकडून माती काढ."

"काढीन," मुखवट्याच्या आतून आवाज आला. "मडकी बंद केली ती माझीबी चूक. सांजच्याला माठ आणून देतो. दोन रांजण झाकून ठिवल्यात तुमच्यासाठी."

"झालं बोलून? बांधू गाठ?"

बाहेर ढोल सुरू झाला होता.

"एक हाय अजून. वाघ डोंगरात पुष्कळ हायेत, म्हणाला हुता तुम्ही. सगळा गाव हसला. माझा बाप ह्यो मुखवटा घालायचा, बाई."

चेहरा दिसत नव्हता म्हणूनच तो हे बोलू शकला होता, आणि चेहरा दिसत नव्हता म्हणूनच म्हाळसाबाईला रडता येत होतं.

"त्याहून वाईट मी कोणाला कधी काही बोलले नसेन, लिंबाजी," ती म्हणाली. "माझं चुकलं."

लिंबाजीने मान थोडी मागे झुकवली. तिने गाठ मारली, ओढून पाहिली, आणि मुखवट्याखालून त्याच्या तोंडात गुळाचा खडा घातला. वाघ अंगणात उतरला, आणि टवका उडालेला कान ओळखून सगळ्या जत्रेने आरोळी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाळसाबाई बंधाऱ्यावर गेली तेव्हा दोन्ही आळ्या तिच्या आधीच येऊन कामाला लागल्या होत्या. खिंडार मोठं होतं. ते बुजवायला गावाला पावसाळ्याच्या तोंडापर्यंत राबावं लागलं, हातांना फोड आले, पण एकाही घरचं माणूस मागे राहिलं नाही. शेत नसलेला लिंबाजीसुद्धा रोज येऊन चिखल तुडवत होता, आणि बंधाऱ्याला कुठली माती धरेल हे तो सांगेल तसं सगळे ऐकत होते. त्या हिवाळ्यात पाट भरून वाहिला. हरभरा गुडघ्याएवढा झाला. लोखंडी नांगर गोठ्यातून बाहेर निघाले आणि पुन्हा चकाकू लागले. लिंबाजीने आपला नांगर शेजाऱ्याला देऊन टाकला, आणि बदल्यात लिंबाजीच्या घरी वर्षभर हरभरा येत राहिला.

गावाने हळूहळू पांगाऱ्याचे नवे मुखवटे कोरले. रावजी सुताराने दोन्ही आळ्यांतल्या पोरांना हाताशी घेतलं आणि डोळे मिटण्याआधी शेवटचं हरीण पुरं केलं.

त्यानंतर कधीतरी तो कारभारी पुन्हा त्या वाटेने आला. नवे मुखवटे बघून त्याचे डोळे पुन्हा चमकले. "महाराज या खेपेला दुप्पट नांगर देतील. हवं तर बैलजोड्याही देतील."

"बघायला या," म्हाळसाबाई म्हणाली. "महाराजांनाही घेऊन या. भाकरी देऊ, पुढे जागा देऊ. न्यायला मात्र मिळणार नाही."

"मग महाराजांना सांगू तरी काय?"

म्हाळसाबाईने पडवीतला वाघ खुंटीवर सरळ केला आणि त्याची दोरी नीट मोकळी सोडली.

"सांगा, तुमचे नांगर फार चांगले निघाले. आणि ते चालवायला गाव शिल्लक आहे."

तात्पर्य: पूर्वजांच्या रीतीतून हाती काय पडतं हे विचारायला हरकत नाही, पण ती मोडण्याआधी तिने कोणाकोणाला एकत्र धरून ठेवलं आहे हे बघावं. माणसं एकत्र राहिली तरच गावात धान्य पिकतं, पाणी वाहतं आणि बाजार भरतो.